आमच्या जाऊबाई, सगळ्यांच्या सिस्टर

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळा गाव सिस्टर म्हणतो. गावाचं एक वेळ ठीक आहे, पण थोरले दीरही चारचौघांत "आमच्या सिस्टर" म्हणून जातात आणि मग जीभ चावतात. आरोग्य केंद्रात बाळंतपणं करून करून जाऊबाईंची कंबर कामातून गेली. घरी आल्या की चपला काढतानाच भिंतीला टेकतात. मला त्यांची दया येते आणि रागही येतो. एवढं झिजायचं कुणासाठी?

केंद्रात येणाऱ्या गरोदर बाईला त्या "बरी आहेस ना?" असं कधीच विचारत नाहीत. "मरायला टेकली तरी बाई त्याला हो म्हणते," असं त्यांचं म्हणणं. त्या विचारतात, अंगठी घट्ट होते का, डोकं कधी दुखतं, बाळ आज केव्हा हललं.

घरी मात्र सुनेला दिवस गेले आणि या शहाण्या बाई दारातूनच विचारू लागल्या, "बरी आहेस ना गं?" सून म्हणायची, "हो आई." झालं. पुढची तपासणीही 'घरचीच तर आहे, उद्या बघू' करत लांबली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. सून पाणी आणायला उठली आणि खुर्ची धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही काकू. उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"आत्ताच?" दीर म्हणाले. "पोरगं तर येऊ दे. मग भरदिवसा तारे दिसतील!"

आम्ही सगळे हसलो. जाऊबाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात ताटातच थांबला.

"चमकतात म्हणजे, खरंच दिसतात?"

"हो. डोकंही ठणकतं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या दमून येता, आई. त्यात माझं कुठं आणखी."

उष्ट्या हातानंच त्यांनी पिशवी ओढली आणि सुनेच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. आकडा भलताच चढलेला बघून त्यांनी सरळ फोन लावला. गाडी निघायच्या आधीच मोठ्या इस्पितळाला कळवायचं, म्हणजे डॉक्टर तयार राहतात, ही सोय नवी. ती मिळावी म्हणून जाऊबाईंनी बैठकांत घसा कोरडा केला होता आणि साहेब लोक त्यांना कटकट म्हणायचे. त्या कटकटीमुळेच आम्ही पोहोचलो तेव्हा दारात स्ट्रेचर उभं होतं.

सून वाचली. नात वेळेआधीच आली, एवढीशी. आई अजून गुंगीत होती, म्हणून तिथल्या नर्सनं विचारलं, बाळाला छातीशी धरून अंगाची ऊब कोण देणार? जाऊबाई पुढे झाल्या. जन्मभर लोकांची बाळं पुसून, गुंडाळून आयांच्या हाती दिली, एकालाही धरून बसायला सवड मिळाली नाही. चादर पांघरून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"माझ्याच घरातलं मला दिसलं नाही गं," म्हणाल्या, रडल्या आणि रडता रडता झोपल्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं.

त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. मीच उचलला. केंद्रातला शिपाई होता. एक बाई आली होती, तिला कळा सुरू झाल्या होत्या.

"सिस्टर झोपल्यात," मी दबक्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"दुसरं कोण आहे? दुसऱ्या नर्सची जागा अजून भरायचीय."

"मग मला काय सांगता? जा की तुमच्या साहेबांकडे!"

माझा आवाज चढला. जाऊबाईंनी डोळे उघडले. क्षणभर त्यांनी नातीच्या टाळूवर ओठ टेकवले आणि तिला अलगद सोडवून माझ्यापुढे धरलं.

"घे. बटणं काढ, अंगाला अंग लागू दे," त्या म्हणाल्या आणि फोन कानाला लावला. "हां, बोल. कळा किती वेळानं येताहेत, विचार तिला."