न चाखलेली जिन

जिनच्या अख्ख्या बाटलीत मी मूठभर काडेचिराईत रात्रभर भिजत घातलं. पोरांचे जंत पाडायला चार काड्या पुरतात. मी मूठ घातली. वर लाल रंगासाठी कोकमाचं आगळ ओतलं. त्यात मीठ असतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आणि एवढा कारभार एक थेंबही न चाखता. अशी ती चाळिशीतली शहाणी मी!

नव्वदच्या दशकात आम्ही बिरवाडीला राहायचो. हे महाडच्या वसाहतीत एका कारखान्यात होते. त्यांचे नवे साहेब परदेशात राहून आलेले. जेवणाआधी जिनमध्ये कसलातरी लाल, कडू वनस्पतींचा अर्क घालून घ्यायचे. तो महाडात कुठला मिळायला? साहेब जेवायला येणार म्हटल्यावर हे म्हणाले, "तू कर घरीच काहीतरी. पण तोंडाला लावू नकोस हं, बायकांनी घ्यायची वस्तू नाही ती."

आणि मी मुकाट ऐकलं! आजही आठवलं की त्या शहाणीच्या, म्हणजे माझ्याच, दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. आमच्यात नैवेद्य चाखत नाहीत, मीठसुद्धा अंदाजाने घालतात. साहेबांच्या पेल्याचंही मी तसंच केलं. बर्फ, संत्र्याची साल, गवती चहाची काडी. वर तुळशीपत्र ठेवायचं तेवढं राहिलं.

साहेबांनी घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि सरळ पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला.

हे तरातरा स्वयंपाकघरात. "अगं, देण्याआधी चाखून बघायचं नाही?"

माझं टाळकंच सरकलं. तोंडाला लावू नको म्हणणारे हेच, आणि चाखलं का नाही विचारणारेही हेच! हातातली पळी मी ओट्यावर आदळली. "चाखते ना. आत्ताच चाखते. बाहेर, साहेबांच्या शेजारी बसून."

"हळू बोल! आणि आईसमोर पिणार तू?"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतल्या. कोपऱ्यात विळीवर नारळ खवत होत्या. मला वाटलं, आता माझीच खरडपट्टी. मीही कंबर कसून उभी राहिले. आज पेला सोडायचा नाही. सासूबाईंनी विळी मिटली, बाटलीचा वास घेतला, लेकाकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या,

"तू जा रे भायेर. गो, दोन पेले काढ. नि माज्यात साखर घाल जरा, नायतर मीबी त्या सायबावानी तोंड वाकडं करीन."