फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात रोजगार मेळावा भरला होता. सत्तरच्या दशकात अशा गोष्टीचं नवल असायचं. नागपूरच्या सदर भागाजवळच्या त्या कॉलेजच्या सभागृहात भिंतीकडेनं टेबलं मांडली होती. बँक, विमा, रेल्वे, दोन-तीन सरकारी कार्यालयं. ज्यांना एकवीस पूर्ण नसतील त्यांनी पालकांना आणावं, अर्जावर त्यांची सही लागेल, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. मला एकविसावं नुकतंच लागलं होतं. म्हणून बाबा आले.

बाबांना जाऊन आता दोन महिने झाले. त्या दिवसाचं आठवेल तसं लिहून ठेवतो आहे. रोज चार-सहा ओळी होतात, कधी तेवढ्याही नाहीत.

बाबा विणकर. घरात एकच माग, आणि त्यावर करवतकाठी लुगडी निघत. काठ जिथे लुगड्याच्या अंगाला मिळतो तिथे करवतीचे दात दिसतात, म्हणून ते नाव. त्याला आडवं सूत टाकणारे तीन धोटे लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे, आणि मागावर दोन माणसं बसावी लागतात. दुसरा माणूस मी होतो. मॅट्रिकपासून सकाळी कॉलेजआधी आणि परत आल्यावर मी बाबांच्या डावीकडे बसून काठाचा धोटा टाकत आलो होतो. आईचे डोळे अधू. ती धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरून द्यायची, तेवढंच तिला जमायचं. मी नागपूर सोडलं तर आमच्या मागावर करवतकाठी निघणार नाही, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. माहीत मात्र तिघांनाही होतं.

बाबांना सायकलवर मागे बसवून मी सदरला नेलं. भर दिवसा माग सोडून ते कुठे निघाल्याचं मला आठवत नव्हतं. सभागृहात ते एकाही साहेबाकडे पाहीनात. प्रत्येक टेबलावरच्या कापडाची कड उलटायची, अंगठ्यानं चाचपायची आणि पुढे जायचं.

माझा एक वर्गमित्र हसला. “काका, पोरासाठी नोकरी पाहून राहिले का कापड?”

“कापडच पाह्यतो गा. नोकरीतलं मले काय समजते? हे पाह्य, मिलचं हाय. दोन धुण्यात पोतेरं.”

टेबलामागचे बँकेचे साहेब ओशाळून आपल्याच मेजपोशाकडे पाहू लागले.

शेवटच्या टेबलावर एका केंद्रीय कार्यालयाचे अर्ज भरून घेत होते. कारकुनाची जागा, परीक्षा नागपूरला, नेमणूक भोपाळला. मला ती हवी होती. तिथे मोठं ग्रंथालय आहे एवढंच मी ऐकून होतो, आणि तेवढं मला पुरेसं होतं. अर्ज इंग्रजीत होता. मधोमध एक प्रश्न होता, बाहेरगावी जाण्यास तयार आहात काय? मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो आणि ‘नाही’ लिहिलं.

“काय लिवलं?” बाबांनी विचारलं.

“नाव, पत्ता,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ साहेबांना विचारलं, “साब, लडके को कब जाना पडेंगा?”

साहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला. “इसने तो लिखा है, नहीं जाएगा. फिर यहाँ किसलिए आए हो भाई?”

माझे कान तापले. बाबांनी साहेबांच्या हातातला अर्ज घेऊन माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, “खोड थे.”

“बाबा, काठाचा धोटा कोण टाकील?”

“शेजारच्या काकाले सांगतलं हाय मी. मिलमधून मोकळा झाला थो, बसतो म्हणते. आन तुह्यापरीस चांगला टाकते. तुह्या हातचे दात पाह्यले का? उंदरानं कुरतडल्यावाणी दिसतात.”

साहेबांना मराठी कळत असावं, ते मोठ्यानं हसले. वर्गमित्रही हसला. त्या हसण्यात मी ‘नाही’ खोडलं, वर ‘होय’ लिहिलं आणि बाबांनी खाली जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

परीक्षा पास झालो. भोपाळला गेलो. पहिल्या दिवाळीला घरी आलो तेव्हा मागावर पांढरे पंचे लागले होते. पंच्याला एकच धोटा, एकच माणूस.

“काका नाही बसले?”

“नाही जमलं त्याले,” बाबा म्हणाले, आणि भोपाळला खानावळीत ज्वारीची भाकर मिळते का ते विचारू लागले. मीही पुढे खोदलं नाही. काकांना जमलं नाही, त्यात माझा काय दोष, असं म्हणून मी सुटलो होतो.

बाबा गेल्यावर ते काका भेटायला आले. बोलता बोलता मी तो विषय काढला. म्हातारा गोंधळून गेला. “मले कवा इचारलं तुह्या बापानं? मी त्या मागावर बसलोच नाही कधी.”

ते गेल्यावर आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, हातानंच, न पाहता.

“मेळाव्याच्या आदल्या दिवशीच काठाचं रंगीत सूत व्यापाऱ्याले वापस करून आले होते,” ती म्हणाली. “मले म्हणे, पोराले सांगू नको, नाही तं थो जाणार नाही.”

म्हणजे ज्या करवतकाठीसाठी मी ‘नाही’ लिहिलं, ती बाबांनी आदल्या दिवशीच बंद केली होती.

“आन तू ‘नाही’ लिवलं होतं ना,” आई सांगत राहिली, “थे त्यायनं साऱ्या गल्लीत सांगतलं. माह्या पोरानं मागासाठी सरकारी नोकरीले नाही म्हटलं म्हणे. किती वर्सं सांगत होते.”

त्या ‘नाही’त निम्मा माग होता. उरलेली निम्मी परक्या गावात एकटं राहायची भीती होती. ते बाबांना सांगायला मला पुष्कळ वर्षं मिळाली होती. आईपुढे ओठांवर आलं होतं, पण ती तांदूळ निवडता निवडता हसत होती.