तुरेवाल्या साहेबांची आक्का

"कोण म्हणलं? नाव सांग."

आमच्या समोरच्या खोलीतल्या आक्कांपुढं कुणी "लोक म्हणतात" अशी सुरुवात केली, की त्या पदर कमरेला खोचायच्या आणि एवढंच विचारायच्या. नाव सांगायची छाती सहसा कुणाची व्हायची नाही. मग त्याच विषय संपवायच्या, "नाव नाय, तर बोलणं बी नाय."

अशी एखादी बाई तुमच्याही जिन्यावर राहिली असेल. तिला भांडखोर ठरवून तुम्ही मोकळे झाला असाल. आम्हीही झालो होतो.

सातपूरला आमचं घर भाड्याचं. खाली घरमालक, वर दोन-दोन खोल्यांची दोन बिऱ्हाडं, जिन्याच्या एका हाताला आक्का आणि दुसऱ्या हाताला आम्ही. आक्का दिंडोरीकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. एका कंपनीच्या कँटीनमध्ये बरीच वर्षं काढल्यावर त्या घरूनच शिफ्टवाल्यांना डबे देऊ लागल्या. घरात सोबतीला राजा नावाचा म्हातारा कुत्रा आणि फाटक्या कानाचा बोक्या.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.कॉम. झाले, फर्स्ट क्लासमध्ये. आम्ही बौद्ध. हे लपवायचं मला कधी कारण पडलं नाही, आणि इथं सांगायला कारण आहे.

तर तो पक्षी.

आक्कांचा डबा घेणारे एक सुपरवायझर होते. त्यांची बदली झाली. त्यांच्याकडं एक कॉकॅटिल, म्हणजे छोटा परदेशी पोपट होता, तोही त्यांनी दुसऱ्या कुणाकडून घेतलेला. करड्या अंगाचा, पिवळ्या डोक्याचा, गालावर केशरी टिकल्या आणि डोक्यावर उभा तुरा. ते म्हणाले, "मावशी, कुणी घेत असेल तर सांगा. नाहीतर दुकानात देऊन टाकतो." आक्का डबा द्यायला गेल्या आणि पिंजरा घेऊन आल्या.

"आक्का, बोक्या खाईल की त्याला!" मी म्हटलं.

"बोक्याला मी सांगते. तू आधी याचं डोस्कं बघ. भांग पाडून हापिसला निघालाय जसा." तेव्हापासून त्याचं नाव साहेब.

आता आक्कांच्या गावाकडची एक रीत. नवं जनावर दारात आलं की घरची बाई त्याच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते, भाकरीचा तुकडा देते. मग ते घरचं झालं. गाईला हे चालतं, बैलाला चालतं. राजालाही असंच घरात घेतलं होतं. आक्कांनी साहेबांसाठी तोच थाट केला. पिंजरा पाटावर ठेवला, पाहुण्याला घरची माणसं दिसावीत म्हणून राजा आणि बोक्याला शेजारी बसवलं, उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि निरांजन घेऊन ओवाळायला लागल्या.

धूर पिंजऱ्यात शिरला आणि साहेब पिसाळल्यासारखे तारांवर आपटू लागले. एक पीस मुळाशी मोडलं, रक्त उडालं. ते बघून बोक्यानं थेट पिंजऱ्यावर झेप घेतली. राजा भुंकतोय, ताट पालथं झालंय, आणि आक्का बोक्याची मानगूट धरून ओरडतायत, "आरं सोड! घरचा हाय तो!"

साहेब तळाशी चोच वासून बसले होते. आम्ही रिक्षा केली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं आणि स्पष्टच सांगितलं. या पक्ष्याची फुफ्फुसं फार नाजूक असतात. धूप, उदबत्ती, तळणाचा धूर, मिरचीचा नाकात झोंबणारा खाट, काही चालणार नाही, एखाद्या दिवशी यातच जीव जाईल. मांजराशी एकटं सोडायचं नाही.

"तुमचा तर डब्यांचा धंदा आहे," त्या म्हणाल्या. "झेपत नसेल तर दुसरं घर बघा त्याला."

आक्का म्हणाल्या, "त्याची घरं बघून झाली बाई. आता ह्येच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आक्का. एका हातात कढई, दुसऱ्या हातात तेलाची बरणी. "पोरी, आईला विचार. फोडणी तेवढी तुमच्या गॅसवर देऊ का?"

"विचारायचं काय त्यात? या की," आई आतून म्हणाली.

भाज्या चिरायच्या, कणीक मळायची, सगळं तिकडं. फोडणी, तळण, ठेचा इकडं. शिफ्टवाल्यांना झणझणीत लागतं, त्यामुळं सकाळी आमचं सगळं घर शिंकायचं. आई एकदा वैतागली, "आक्का, आमची फुफ्फुसं काय लोखंडाची आहेत का?"

"तुम्हाला तोंड हाय, तुम्ही बोलता. त्यो काय बोलणार?"

आई हसली आणि खिडकी उघडली. पुढं पुढं आक्का आल्या नाहीत तर तीच जिन्यात जाऊन हाक मारायची, "अहो, तेल तापलंय!"

देवासमोर आक्का उदबत्ती लावायच्या, पण न पेटवता. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "देवाला काय कळत नाय व्हय?"

बोक्याची शाळा मात्र कडक होती. आधी बोक्याला पोटभर जेवण. मग आतल्या खोलीचं दार उघडायचं. पिंजरा छताच्या हुकाला, खाली आक्का पाट टाकून, आणि त्यांच्यासमोर बोक्या. बोक्याची नजर वर गेली की आक्का त्याच्या नाकावर बोट ठेवायच्या. "ह्यो खायचा नाय. ह्यो आपला हाय." बोक्या शेवटी कंटाळून त्यांच्या मांडीवर झोपायला लागला. पण आक्का बाहेर पडल्या की आतल्या खोलीला कडी लागलीच म्हणून समजा. मी म्हटलं, "आता तर दोस्ती झाली ना?"

"इस्वास ठेवायचा पोरी, पण कडी लावून."

साहेबांना आधीच्या घरातली एक गोष्ट पाठ होती, दारावरची बेल. हुबेहूब टिंगटाँग. साहेबांनी बेल वाजवली की राजा धडपडत दाराशी जायचा. आक्काही हातातलं काम टाकून उठायच्या, दार उघडायच्या आणि पिंजऱ्याकडं वळून सांगायच्या, "बघ बाबा. कुणी नाय आलं." दर वेळी. मी म्हटलं, "कशाला उठता? तोच वाजवतोय, माहितीये ना?" त्या म्हणाल्या, "त्याला वाटत आसल न्यायला आले. दार तरी उघडून दावावं."

मग हळूहळू बेल कमी झाली. पाडव्याच्या सुमारास साहेबांनी आक्कांच्या तळहातावरची बाजरी खाल्ली. आक्का तो हात पुढं धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. मला खुणेनं सांगत होत्या, हलू नको.

आता मालकीणबाई. त्या एकदा वाळवण घालायला वर आल्या आणि आमचं लोटलेलं दार ढकलून आक्कांना कढईपाशी बघून गेल्या. संध्याकाळी जिन्यात आक्कांना गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "आक्का, लोक म्हणतात, डब्याचं जेवण तुम्ही त्यांच्या घरी शिजवता."

'त्यांच्या' हा शब्द त्यांनी कसा उच्चारला, ते मी दाराआडून ऐकलं. तुमच्यापैकी ज्यांनी तो तसा ऐकलाय, त्यांना मी समजावून सांगायला नको. ज्यांनी ऐकला नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

आक्कांचा पदर कमरेला गेला. "कोण म्हणलं? नाव सांगा."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय. गिऱ्हाइकं तुटतील."

"तुटू द्या."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक डब्यासोबत आक्कांनी स्वतः जाऊन सांगितलं, "फोडणी समोरच्या ताईंच्या गॅसवरची हाय. ज्याला चालत नसल त्यानं बंद करा." काहींनी बंद केला, घरचं काहीतरी कारण सांगून. आक्कांनी त्यांचे डबे लख्ख घासून परत पाठवले. बाकीचे म्हणाले, आक्का, ठेचा जरा जास्त द्या.

मग मालक वर आले. आमच्या दाराकडं न बघता आक्कांना म्हणाले, "आक्का, कुत्रं राहू द्या, मांजर राहू द्या. आमची काही तक्रार नाही. तो पक्षी तेवढा देऊन टाका कुणाला. म्हणजे तुमची चूल तुमच्या घरात पेटेल."

"आन् नाय दिला तर?"

"मग खोली बघा दुसरी."

"बघते."

मालकांना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. मी धावत गेले. "आक्का, साहेबांना आम्ही ठेवतो. समोरच तर आहे. रोज भेटा, पण घर सोडू नका."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या नव्हत्या, पण आवाज चढा होता. "म्हणजे मालकाचंच खरं झालं की! आज पाखरू दिलं, उद्या म्हणल त्या घरचा चहा सोडा. आन् ह्यो परत कुणाची तरी बेल वाजवत बसणार. नाय पोरी. तू शिकलेली हायस, तुला हिशेब कळाया पायजे."

खोली मिळणं सोपं नव्हतं. कुत्रं म्हटलं की अर्धे नाही म्हणायचे, मांजर म्हटलं की उरलेले. दिंडोरीच्या भावानं बोलावलं होतं, पण त्याचं घर द्राक्षबागेच्या कडेला. "तिथं औषधाचा फवारा चालू आसतो सारखा. ह्यो मरंल," म्हणून आक्कांनी त्यालाही नकार कळवला. शेवटी सिडकोत एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरामागं पत्र्याची खोली मिळाली. बाहेर एक मोकळा ओटा होता. आक्का म्हणाल्या, "चूल वट्यावर, साहेब आत. झालं."

जायच्या दिवशी त्यांनी डबे चुकवले नाहीत. आमच्याच गॅसवर केले. मग टेम्पो आला. बोक्या द्राक्षांच्या क्रेटमध्ये, वर दुसरं क्रेट बांधून. राजाला बाबांनी उचलून चढवलं. आक्का पुढं बसल्या, पिंजरा मांडीवर. मालकीणबाई फाटकाशी होत्या. त्यांना राहवलं नाही. "एका पाखरापायी एवढं?"

आक्का म्हणाल्या, "पाखरापायी आसतं तर तुमच्याशी भांडले आसते. ह्ये समोरच्या चुलीपायी हाय. त्यावर मला भांडायचं बी नाय."

टेम्पो गेला.

आक्का आता तिकडंच असतात. डबेही तिकडूनच जातात. मी सुट्टीच्या दिवशी जाते, पण ते भेटणं झालं, शेजार नाही. समोरच्या दाराला कुलूप आहे. मालक मला विचारतात, कुणी चांगला भाडेकरू असेल तर सांग. मी सांगत नाही.

आक्का होत्या तोवर धूर साहेबांकडं जाऊ नये म्हणून आम्ही दार लावून फोडणी द्यायचो. आता आई सकाळी उठते, जिन्याकडचं दार सताड उघडते, तेल कडकडीत तापवते आणि मूठभर लाल मिरच्या त्यात सोडते. खाट जिन्यावरून खाली उतरतो. खालून शिंका ऐकू येतात.

आई आणखी दोन मिरच्या टाकते.