साहेब लक्ष घालतो म्हणाले

पेणच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन रोह्याला राहायला आले, तरी पेणमध्ये कुणी इंग्रजी बोलणारा पाहुणा आला की बोलावणं मलाच येतं. नारळ मिळतो, शाल मिळते, चारचौघांत मान मिळतो. खोटं कशाला बोलू, मानासाठीच जाते.

दोन वर्षांपूर्वी असाच एक साहेब आला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाच्या वकिलातीतला. गणपतीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांसमोर त्याला मानवी हक्कांवर बोलायचं होतं. जोहे-हमरापूरकडून टेम्पो भरून बायका आणल्या होत्या. दुसऱ्या रांगेत माझ्या एका विद्यार्थ्याची आई बसली होती. जोह्याच्या एका कारखान्यात ती मूर्तींचे डोळे आखते. कामावरून तशीच आल्यामुळे बोटांचा काळा रंग निघाला नव्हता.

तिचा मुलगा इंग्रजीत कच्चा, पण खरं बोलायला कधी न घाबरणारा. आधी रोह्याच्या एका कंपनीत त्याने कंत्राटावर वेल्डिंग केलं, मग आखातात गेला. तिथे एका दुपारी त्याच्याबरोबरचा कामगार उन्हाने कोसळून मेला, आणि प्रेत तासभर तसंच उन्हात पडून राहिलं. याने ते मोबाइलवर टिपलं आणि सगळ्यांना पाठवलं. चौथ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले. तेव्हापासून तो तुरुंगात. आपल्या सरकारला जाणारे तिचे अर्ज मीच लिहून देत होते, आणि उत्तर एकाचंही येत नव्हतं.

साहेब बोलला मात्र फार छान. त्याच्या सरकारचं ज्याच्याशी वाकडं आहे, अशा एका देशाबद्दल तो बोलत होता. तिथल्या एका तरुणाने कामगारांचे हाल मोबाइलवर टिपले म्हणून त्याला तुरुंगात टाकलं होतं. "साधा मुलगा, हातात एक फोन. त्याने काय गुन्हा केला? त्याची आई रोज दाराकडे बघत बसते. आम्ही त्याला विसरणार नाही." साहेबाने रुमाल काढून डोळे पुसले. एकेक वाक्य मी तेवढ्याच जिवापाड मराठीत सांगत होते. त्या देशाचं नाव त्याने सुरुवातीला एकदाच घेतलं होतं. बायकांच्या ते लक्षात राहायचं काही कारण नव्हतं.

ती उभी राहिली. "व्हय साहेब, तो माझाच पोर हाय."

सगळा हॉल तिच्याकडे वळला. मग टाळ्या पडल्या. ती रडत पुढे आली आणि तिने साहेबाचे दोन्ही हात धरले.

मी साहेबाला इंग्रजीत समजावलं, की हा मुलगा वेगळा, केलं मात्र तेच, आणि देशही वेगळा. देशाचं नाव सांगितलं. तिथे साहेबाच्या देशाचा लष्करी तळ आहे, यांची विमानं तिकडे विकली जातात, तिकडचं तेल यांना लागतं. साहेबाचं हसू तसंच राहिलं, आवाज तेवढा कोरडा झाला. "ते आमचे जवळचे मित्र आहेत. प्रत्येक देशाचे आपापले कायदे असतात. आम्ही त्यात पडणं बरं दिसत नाही."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आमच्याकडे दोन जावांमध्ये चालतं. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभारही त्यावरच चालतो, हे मला त्या दिवशी समोर उभं राहून कळलं. संताप आला.

"काय म्हनले साहेब?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "साहेब लक्ष घालतो म्हणाले."

दया आली म्हणून तसं बोलले, असं पुढे कितीतरी दिवस मी मनाला सांगत होते. दया कसली! भर हॉलमध्ये, साहेबाचे हात धरून माझ्या तोंडाकडे बघणाऱ्या त्या आईला खरं सांगायची मला भीती वाटली.

आठ दिवसांनी ती शाडूचा वीतभर गणपती घेऊन आली. "साहेबांना पाठवा." मी तो कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. दर सोमवारी तिचा फोन यायचा, "बाई, साहेबांचं काय आलं काय?" आणि दर सोमवारी मी म्हणायचे, अजून नाही.

एका सोमवारी बोलता बोलता तिनेच सांगितलं. गावातला एक जण तिकडे कामाला होता. त्याने वकील शोधला होता. पोराला शिक्षा लागली होती, आणि अपिलासाठी आईच्या सहीचं पत्र हवं होतं, महिन्याच्या आत. तिने सही दिली नव्हती. "एवढ्या मोठ्या साहेबानं हात घातलाय, बाई. मधीच आपन वकील घुसवला तर त्याला राग येल ना." मुदत संपून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. सात वर्षांची शिक्षा कायम झाली होती.

मी तिला रोह्याला बोलावून घेतलं. दुपारच्या गाडीने ती आली, माझ्यासाठी पेणचे पापड घेऊन. पाण्याचा तांब्याही पुढे न करता मी सगळं सांगून टाकलं.

ती नखांतला रंग कोरत बसली. मग विचारलं, "म्हंजे त्या दुसऱ्या पोरासाठी साहेब भांडतो?"

"हो."

"आनि माझ्या पोरासाठी नाय."

"नाही."

"मंग माझा पोर चुकीच्या देशात धरला म्हनायचा."

मी हात जोडले. तिने तिकडे पाहिलं नाही. "तो गणपती द्या परत," म्हणाली. मी कपाटातून काढून दिला. तिने कागद उलगडून तो नीट पाहिला, पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या. पापड टेबलावरच राहिले.

दारात ती थांबली.

"साहेब नाय म्हनला, ते तवाच सांगायचं व्हतं, बाई. मी सही केली असती."