भागाआत्याने न टाकलेलं खत

रसायनीच्या कारखान्यात माझी पहिली पाळी चालू होती. गेटवरच्या पहारेकऱ्याने येऊन सांगितलं, खालापूरहून फोन होता, तुमची आत्या गेली. वैशाख निम्मा सरला होता. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि सुशीला, आत्याची एकुलती मुलगी, आल्यागेल्याला पाणी देत होती. "काल बांध घालून आली, जेवली, झोपली..." एवढंच ती प्रत्येकाला सांगत होती.

भागाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. खालापूरपासून पायी जाण्याच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी तिचं सासर. भाताची दोन खाचरं एवढीच जमीन, आणि शेजारीच वडिलांनी पुढे येऊन बांधलेलं आमचं घर. छप्पन साली आमच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला आणि गावची मेलेली गुरं ओढणं बंद केलं. पुढच्याच उन्हाळ्यात नानांचा बैल मेला. नाना म्हणजे गावातले बडे जमीनदार. त्यांचा गडी बोलवायला आला तेव्हा आत्याच्या यजमानांनी, आतोबांनी, हात जोडून नाही म्हटलं. बैल नानांच्या गड्यांनाच पुरावा लागला. दुसऱ्या दिवसापासून नानांच्या झाडांचा पाला आणि गोठ्यातलं शेण आम्हाला बंद झालं.

ही शिक्षा साधी नव्हती. आमच्याकडे भाताचं रोप राबावर होतं. पावसाआधी जमिनीच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळायचा. तण जळतं, राखेचं खत होतं, मग तिथे बी पेरायचं. त्या दिवसांत कर्जतपासून खालापूरपर्यंत शिवारांवर धूर तरंगत असे. पाला नाही तर राब नाही, आणि राब नाही तर रोप नाही. आतोबा डळमळले.

"या सालापुरतं वढतो गं. रोपापुरतं."

"एकदा वढलंत की कायमचंच," आत्या म्हणाली.

खालापूरच्या वाटेवर पोह्याची भट्टी होती. तिच्यामागे भाताच्या तुसाच्या राखेचे ढीग पडलेले असत. मालकाला ती कोणी उचलली तर हवीच होती. आत्याने आणि माझ्या आईने ती पाट्यांतून डोक्यावरून आणली आणि न जाळलेल्या मातीत मिसळली. तण रोपापेक्षा जोरात आलं. दोघी पावसात उकिडव्या बसून ते उपटत राहिल्या, तरी रोप विरळच निघालं. एक खाचर तसंच पडीक राहिलं. होळीआधीच घरातलं भात संपलं आणि नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढावे लागले. पुढच्या साली तिने राखेत बकऱ्यांच्या लेंड्या मिसळल्या, रोप बरं आलं. पुढे नानांचा राग निवळला, तरी आत्याने राब कधी भाजला नाही.

युरियाशी मात्र तिचं वाकडं नव्हतं. तो आला तेव्हा तिने हौसेने टाकला. एका साली इतका, की भात माजून आडवं झालं आणि लोंब्या चिखलात कुजल्या. "हावरटपना नडला," असं स्वतःच सांगत सुटली.

सत्तर सालानंतर कधीतरी शेतीखात्याचे एक तरुण साहेब प्रयोगासाठी एक पोतं घेऊन आले. मी त्या दिवशी तिथेच होतो.

"काय हाय यात?"

"हाडांचा चुरा, मावशी. भाताच्या मुळांना फार चांगला. फुकट आहे."

आत्याने पोत्यावरचा हात काढून घेतला. "न्या परत."

साहेब भले होते. हाडं कारखान्यात वाफवून दळलेली असतात, हाताला काही लागत नाही, असं त्यांनी समजावलं. आत्या बांधावर टेकली.

"साहेब, लगीन होऊन आले तवा माळावरची मेल्या गुरांची हाडं येचून ठेकेदाराच्या ट्रकापत्तुर मी वाह्यली. डोक्यावर पाटी दिसली की पोरंटोरं बाजूला व्हायची. पोटुशी होते तवापन वाह्यली. आता फुकट हाय म्हनून परत उचलू?"

साहेब पोतं उचलायला वाकले. "च्या घेऊन जा," आत्याच म्हणाली.

पोतं नानांच्या मुलाने नेलं. त्या साली त्याच्या लोंब्या आमच्यापेक्षा भरलेल्या होत्या. आतोबांनी तसं बोलून दाखवलं.

"हाय ना. चांगलंच हाय त्याचं," म्हणाली आणि विळा घेऊन कापणीला लागली. आपलं भात कमी असलं तरी गोड, असलं काही ती कधी बोलली नाही. कमी ते कमीच. आतोबा गेल्यावरही तिने तशीच शेती केली.

मागच्या दिवाळीत ती सुशीलाला म्हणाली होती, "मी गेल्यावर तुला टाकायचं तर टाक. तू कुठं वाह्यलीस?"

परवा लावणीच्या आधी मी गेलो. सुशीलाने खरंच हाडांच्या खताचं पोतं आणलं होतं. आंब्याखाली दगडांवर ठेवून प्लॅस्टिकने झाकलं होतं, तरी आडव्या पावसाने एक कोपरा भिजत होता. आत्याची खोली रिकामीच होती. दोरीवर वाकळ, कोनाड्यात मशेरीची डबी. पोतं तिथे कोरडं राहील म्हणून मी ते उचलून उंबऱ्यापाशी आणलं.

"आत नको रं दादा," सुशीला वाट अडवून म्हणाली. "घरात आजून आयचा वास हाय."