कडक कांजीचा पांढरा शर्ट

तुळसाबाईच्या हातून गेलेला कपडा सहसा चुरगळत नाही, हे प्रताप नगरात कोणीही सांगेल. कडुनिंबाखाली तिचा ठेला, कोळशाची जड इस्त्री आणि शेजारी कांजीचं पातेलं. पारशिवनीकडून लग्न होऊन ती नागपुरात आली, तेव्हा सासूनं पहिल्यांदा शिकवली ती नीळ आणि कांजी. सासू छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली होती. जग आपल्याला मळके म्हणत आलं ना, मग आता असे धुऊ की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत, हा त्या म्हातारीचा बाणा. तेव्हापासून त्या घरात मळका कपडा मुक्कामाला राहिला नाही. नवरा धोंडबा गेला, सासूही गेली. बाणा राहिला.

ठेल्यावर ठाण्यातल्या पोलिसांचे गणवेशही यायचे. ज्या खाकीला बघून वस्ती गप्प व्हायची, तिच्या धारदार घड्या तुळसाबाईच घालायची. शिपाई मधुसूदन तर जुनं गिऱ्हाईक. तिला मावशी म्हणायचा, पोराच्या लग्नाची चौकशी करायचा.

त्याच मधुसूदननं तिच्या रोशनला उचलून नेलं.

रोशन सदरमध्ये मोबाइलच्या दुकानात कामाला होता. दुकानात चोरी झाली. पोलिसांनी सगळ्याच पोरांना नेलं आणि बाकीच्यांना सोडलं. रोशन राहिला, कारण पहिली कानफटात बसल्यावर त्यानं विचारलं होतं, "काहून मारून राहिले जी?" गरिबाच्या पोरानं विचारलेला प्रश्न ठाण्याला सहन होत नाही. कोर्टानं त्याला पोलीस कोठडी दिली.

तुळसाबाई कपडे घेऊन ठाण्यात गेली. पोराला भेटू दिलं नाही. मधुसूदननं नवे कपडे आत दिले, अंगावरून उतरवलेल्यांची पिशवी तिच्या हाती ठेवली आणि हळूच म्हणाला, "मावशी, हे लगेच धुऊन टाका. असं घरात ठेवू नका."

आत एक तरी आपला माणूस आहे, असं तिला वाटलं.

घरी पिशवी उघडली. निळ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी पट्टे, आडवे, एकाखाली एक, वाळून कडक झालेले. लेक पायल भिंतीला टेकून खालीच बसली. तुळसाबाईचे हात आपोआप चालू लागले. थंड पाणी, मीठ, मग साबण. रडत रडत धुतला, पण धुतला. वाळवून, इस्त्री करून घडीसुद्धा घातली.

ती घडी तिनं सदरमधल्या उत्तरा वकीलबाईंच्या टेबलावर ठेवली.

"पोराच्या अंगात होता मॅडम हा. पट्ट्यानं मारलं त्याले. पाठ सोलून काढली."

उत्तराबाईंनी शर्ट उलटसुलट करून पाहिला. "यावर काय होतं?"

"रक्त."

"कुठंय?"

"धुतलं ना जी."

उत्तराबाईंनी शर्ट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "का धुतलंत, मावशी?"

"मंग का तसाच आणू? तुमच्या टेबलावर?"

वकीलबाई रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त झोंबलं. डॉक्टरनं रोशनचा शर्ट वर न करताच सगळं ठीक म्हणून लिहून दिलं होतं. आता उद्या कोर्टात पोरगा स्वतः बोलला तरच काही होणार होतं. नाही बोलला, तर पोलीस आणखी कोठडी मागणार.

"आन् कोठडी भेटली तं?" सोबत आलेल्या पायलनं विचारलं.

उत्तराबाईंनी शर्टाची घडी पुन्हा होती तशी घातली.

संध्याकाळी मधुसूदन ठेल्यावर आला. ठाण्याच्या साहेबाचा गणवेश घेऊन.

"उद्या साहेबाले कोर्टात जायचं आहे, कडक करा. आन् रोशनसाठी सकाळी शर्ट आणा. काळा, पुऱ्या बाह्यांचा. सैल असला तं बेस."

"काळा काहून?"

"उठून दिसते ना पोरगा." तो हसला. मग त्यानं ठेल्याच्या चारही पायांकडं पाहिलं. "ही जागा सरकारी आहे ना, मावशी? इतकी वर्षं कोणी काही म्हटलं नाही तुम्हाले." जाता जाता वळला. "तो शर्ट धुतला ना?"

"धुतला."

"बेस केलं."

त्याचे खांदे सैल पडलेले तिनं पाहिले, आणि त्याच्या मायेचा अर्थ तिला तेव्हा लागला. इस्त्री साहेबाच्या बाहीवर तशीच राहिली होती. करपल्याचा वास आला तशी तिनं उचलली.

घरी येऊन तिनं पेटीतून रोशनचा पांढरा शर्ट काढला, दीक्षाभूमीवर जाताना घालायचा. चुलीवर कांजी चढवली.

"मा, काळा सांगतला ना त्यानं?" पायल म्हणाली. मग पातेल्यात डोकावली. "एवढी घट्ट? पाठीले घासंल वं त्याच्या. जखमा उघडतीन."

"मालूम आहे मले."

इस्त्री झाल्यावर शर्ट पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. तुळसाबाईनं त्याची कॉलर स्वतःच्या मनगटावर घासली. लाल होईपर्यंत घासली. मग घडी घातली.

सकाळी ती ठाण्यात मुद्दाम उशिरा पोचली. रोशनला कोर्टात नेणारी गाडी सुरू झाली होती.

"काळा म्हटलं होतं," मधुसूदन गुरगुरला.

"वाळला नाही."

वेळ नव्हता. त्यानं शर्ट हिसकून आत फेकला.

कोर्टात रोशन पुढं उभा, तुळसाबाई मागच्या बाकावर. बाजूला साहेब, तिनंच घातलेल्या घड्यांत. न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

रोशननं साहेबाकडं पाहिलं, मग वळून आईकडं. ठेल्याची धमकी त्याच्यापर्यंतही पोचली होती.

"नाही, साहेब."

सरकारी वकील आणखी कोठडी मागू लागले. तुळसाबाईची नजर पोराच्या पाठीवर होती. पांढरं ते पांढरंच. तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच भीती वाटली.

मग ऐकायला म्हणून रोशन जरासा पुढं वाकला. कापड ताणलं. खांद्याखाली एक बारीक रेघ उमटली, ओली, लाल. तिच्या खाली दुसरी.

मधुसूदनलाही ती दिसली. तो सावकाश सरकला आणि पोराच्या पाठीमागं, बरोबर आड, उभा राहिला.

तुळसाबाई उठली. "साहेब, माझ्या लेकराले पाठ फिरवाले सांगा."

कोणीतरी तिला खाली बसवू लागलं. ती बसली नाही. उत्तराबाईंनी वळून पाहिलं आणि त्याही उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी मान वर केली.

"शिपाई, बाजूला व्हा."

मधुसूदननं आधी साहेबाकडं पाहिलं. साहेब तुळसाबाईकडं पाहत होता, चेहरा लक्षात ठेवायला पाहावं तसा. तिनं नजर हटवली नाही.

मधुसूदन बाजूला झाला. रोशन हळूहळू वळू लागला.