माईकवर वाचलेली चिठ्ठी

दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आणि देवाचे फोटो असतात, तशी आमच्या घरी पत्रकं असायची. बाबा गावच्या मच्छीमार संस्थेचे सचिव. संस्था म्हणजे ढिवर मोहल्ल्यातली घरं आणि गावामागचा तलाव, एवढंच. मोर्चा असो की तहसीलदाराला निवेदन, बाबा ते आधी वहीच्या कागदावर लिहीत आणि मग सिंदेवाहीला जाऊन छापून आणत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. जोडाक्षरं मी 'संघर्ष' आणि 'हक्क' या शब्दांवर शिकले. पत्रकाबद्दल बाबांचा एकच नियम होता. जे चौकात उभं राहून मोठ्यानं वाचता येणार नाही, ते लिहायचं नाही. त्या नियमात एक भोक आहे हे मला सोळाव्या वर्षी कळलं. आपण लिहिलेलं दुसराही कोणी चौकात उभा राहून वाचू शकतो.

आमच्याकडे धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. गावाचं मंडळ वडशाच्या नाटक कंपनीला बोलावतं, दिवसा बैलांच्या शर्यतींचा पट होतो, घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री मंडपात नाटक. त्या वर्षीचं नाटक जुनं होतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते आमच्याच गावानं बसवलं होतं. लिहिणारे, गाणारे, पडदा ओढणारे सगळे इथलेच. पुढे ते मंडळ मोडलं. आता वडशाच्या एका कंपनीनं ते नव्यानं उभं केलं होतं, सगळ्या गाण्यांसकट. खर्च तालुक्याच्या एका ठेकेदाराचा होता. त्याची राईस मिल होती, रस्त्यांची कामं होती, आणि आता त्याला आमचा तलाव हवा होता.

तलावाचा पट्टा, म्हणजे संस्थेचा मासेमारीचा करार, त्या उन्हाळ्यात संपत होता. आजवर ग्रामसभा ठराव करायची आणि तलाव पुन्हा संस्थेकडे यायचा. या वेळी गावात जाहीर लिलावाची भाषा सुरू झाली होती. लिलाव झाला तर संस्था ठेकेदारापुढे टिकणार नाही, हे आमच्या मोहल्ल्यात कोणालाही सांगावं लागत नव्हतं.

नाटकाला जाऊ का, म्हणून मी बाबांना विचारलं. ते हो म्हणाले. स्वतः मात्र येणार नव्हते.

"नाटक आपलंच हाय," ते म्हणाले. "मंडप त्याचा हाय. दोन्ही ध्यानात ठेव."

मी एकच ध्यानात ठेवलं.

मी आणि माय अगदी पुढे, जमिनीवर, सतरंजी टाकून बसलो. उद्घाटनच संपेना. अध्यक्ष, उद्घाटक, सहउद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. आमच्याकडच्या पाम्पलेटवर नटांपेक्षा यांचीच नावं जास्त असतात आणि प्रत्येकाला समईशी नेऊन उभं करावं लागतं. आमच्या मागे बसलेली बाई म्हणाली, दिवा एक आन् पेटवनारे बारा, आता वारा नाई आला तरी इझन.

मग ऑर्गन वाजला आणि नायिका आली. खांद्यावर जाळं, लुगडं वर खोचलेलं. तिनं पहिलंच वाक्य म्हटलं, "मले पाण्याची वाट कोण अडवते ते पाहू द्या."

शाळेत मी 'मले' म्हटलं की बाई थांबवून 'मला' म्हणायला लावत. इथे एक बाई हजार माणसांसमोर, माईकवर 'मले' म्हणत होती आणि कोणी हसत नव्हतं. तिनं गाता गाता फेकजाळं टाकलं. ते खरं जाळं होतं आणि स्टेजवर गोल, पूर्ण उघडून पडलं. माय नाटकात सहसा काही बोलत नाही. ती म्हणाली, हात बसलेला हाय पोरीचा. एकेका गाण्याला वन्स मोअर मिळत होता. तबलजी हात झटकून पुन्हा सुरू करायचा. मला ते सगळं कधी संपूच नये असं वाटत होतं. तोवर मी कितीतरी नाटकं पाहिली होती. राजे, पोलीस, सुना-सासवा. आमच्या घरात जे ओलं जाळं वाळत असतं ते कधी कोणत्या नाटकात आलं नव्हतं.

गोष्ट मालगुजाराच्या, म्हणजे गावाच्या जुन्या जमीनदाराच्या, काळातली. मालगुजार तलावात जाळं टाकायला बंदी करतो. नायिकेच्या नवऱ्याला खोट्या चोरीत अडकवतो. शेवटच्या अंकात मालगुजाराचा शहरात शिकलेला मुलगा परत येतो, गावाचे हाल पाहून त्याचं मन बदलतं आणि तो तलावाचा कागद नायिकेच्या हातात देतो. ती तलावाचं पाणी आणून त्याचे पाय धुते. सगळे मिळून गातात. मी ढसाढसा रडले. माय रडली नाही. तिला झोप आली असेल असं मला वाटलं.

आमच्या नाटकात बक्षिसाची रीत आहे. एखादं गाणं आवडलं की लोक नोट आणि चिठ्ठी वर पाठवतात आणि कोणाकडून, कोणाला, ते माईकवर वाचलं जातं. माझ्याकडे द्यायला नोट नव्हती. मग शेवटचं गाणं चालू असतानाच मी शेजारी बसलेल्या आमच्या पाहुण्यांकडून पेन घेतलं आणि पाम्पलेटच्या मागच्या बाजूवर पानभर लिहिलं. लिहायची सवय होती. शब्द भराभर आले. आमची बोली पहिल्यांदा इतक्या मानानं ऐकली, हे लिहिलं. जाळं कसं उघडलं तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, 'मोठं मन काय असतं ते आज पाहिलं. देणारा असा असेल तर त्याच्यापुढे हात पसरायला ढिवराच्या लेकराला लाज वाटणार नाही.'

हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

चिठ्ठी ठेकेदारानं स्वतः वाचली. छान वाचली, थांबत थांबत. टाळ्या पडल्या. मग त्यानं मला वर बोलावलं. सचिवभाऊंची लेक, असं माईकवर सांगितलं आणि माझ्या खांद्यांवर शाल टाकली. फोटो निघाला. मी खाली येऊन बसले तेव्हा माय शालीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जात होते. तिथे चिंचेखाली एक म्हातारा जाळं सांधत बसायचा. सगळा मोहल्ला त्याला आबाजी म्हणे. गावाच्या जुन्या मंडळात तोच नायिका होता. तेव्हा पुरुषच बायांची कामं करत. पाम्पलेटवरच्या त्या सगळ्या नावांत त्याचं नाव नव्हतं.

"रडली म्हने तू आखरीले?" त्यानं सुईवरून नजर न काढता विचारलं.

"हो आबाजी."

"काऊन?"

"तलाव परत भेटला म्हणून. मालगुजाराच्या पोरानं देल्ला ना."

त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "आमच्या नाटकात मालगुजाराले पोरगाच नव्हता."

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या शेवटच्या अंकात बाया लुगडी खोचून पाण्यात उतरत. पाळीवर मालगुजाराचे लठैत उभे. गाणं अर्ध्यावर आलं की पडदा पडायचा. पुढे मारलं की सोडलं ते दाखवत नसत, कारण पाहणाऱ्यांना ते माहीत होतं. ते याच तलावात झालं होतं. आबाजीची आई त्या बायांमध्ये होती. मायची आजीही होती, हे मला माय कधी बोलली नव्हती.

"कोनी देल्लं नाई बाई," तो म्हणाला. "उतरले."

मी विचारलं, मग तुम्ही बोलले का नाही, कंपनीला सांगितलं का नाही. त्यानं सुईत नवा दोरा ओवला. नाटकाची हातानं लिहिलेली एकच वही होती आणि ती त्याच्याच पेटीत होती. पावसाळ्यात कंपनीचा मॅनेजर येऊन ती घेऊन गेला. तुमचं नाव छापू म्हणाला. वही परत आली नाही.

"द्यायची नव्हती मंग," मी म्हटलं.

"गानी आयकाची होती मले," आबाजी म्हणाला. "मरन्याच्या आंधी एकडाव." आणि थोड्या वेळानं, "मस्त म्हटली पोरीनं. माह्यापेक्षा मस्त म्हटली."

तो नाटकाला मंडपात आलाच नव्हता. बाहेर शेंगदाणेवाल्याच्या गाडीजवळ बसून त्यानं ऐकलं होतं.

आठवड्याभरात कंपनीचं नवं पाम्पलेट निघालं. पुढच्या गावांतल्या प्रयोगांचं. वर माझा शाल घेतलेला फोटो आणि खाली चौकटीत, 'ढिवराच्या लेकीचं पत्र.' चिठ्ठीतली बोली गेली होती, जाळं गेलं होतं. शेवटची दोन वाक्यं तेवढी ठेवली होती, मोठ्या टाइपात. जीपमधून ती पाम्पलेटं उधळत नेली. आमच्या मोहल्ल्यात जास्तच पडली.

बाबांनी एक उचलून वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

छब्बीस जानेवारीला झेंडा झाला आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा बसली. आम्ही मुलं अजून तिथेच होतो. तलावाचा विषय निघाला. बाबा उठले. पिढ्यान् पिढ्या तलाव कोणी राखला, गाळ कोणी काढला, मासोळीचं बीज कोणी सोडलं, सगळं नीट मांडलं. लोक ऐकत होते. मग सरपंचानं समोरच्या कागदांतून ते पाम्पलेट काढलं आणि माझी दोन वाक्यं वाचली. ठेकेदारासारखी छान नाही, अडखळत. पण ऐकू गेली.

"सचिवभाऊ, तुमची पोरगी तर देनाऱ्यापुढे हात पसराले तयार हाय," तो म्हणाला. "तुमालेच काऊन लाज वाटून राह्यली?"

बाबा म्हणाले, "ते नाटकाबद्दल हाय. तलावाबद्दल नाई."

"नाटक कायच्याबद्दल हाय मंग?"

हशा झाला. मोठा, मोकळा हशा. त्यात आमच्या मोहल्ल्यातलेही होते. ते वाईट नव्हते. वाक्यच तसं नेमकं बसलं होतं, मीसुद्धा दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हसले असते.

मी उठले. म्हटलं, ते मी लिहिलं आहे, मला त्यावर बोलायचं आहे. सरपंचानं माझं वय विचारलं. मी सोळा सांगितलं. ग्रामसेवकानं मान हलवली. मतदार यादीत नाव असलेल्यालाच ग्रामसभेत बोलता येतं. तो कायदा बरोबर होता. मी बाबांकडे पाहिलं, कारण तो कायदा मला त्यांनीच शिकवला होता. ते मान खाली घालून उभे होते. माझं लिहिलेलं सभेपुढे पुरावा म्हणून चाललं आणि ते लिहिणारी मी चालले नाही. हे वाक्य मी पुढे बऱ्याच ठिकाणी बोलले आहे आणि टाळ्या मिळाल्या आहेत. त्या दिवशी मी गप्प खाली बसले.

हात वर करून मत झालं. जाहीर लिलावाचा ठराव मंजूर झाला. आमच्या मोहल्ल्यातले काही हात विरोधात वर आलेच नाहीत. नंतर त्यांतला एक जण मायला म्हणाला, तुमच्याच घरात दोन मतं, आमी कोनतं धराचं?

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, मी पत्रक लिहिते. त्या नाटकाचं सगळं खोटं उघडं करते. नाटक भिकार होतं, विकलेलं होतं, असं लिहिते.

त्यांनी मला कागद दिले. "लिव. पन नाटक आवडलं नाई असं लिवू नको," ते म्हणाले. "आवडलं होतं तुले. सगळ्या गावानं पाह्यलं तुले रडताना."

ते फार अवघड पत्रक होतं. त्यानंतर मी खाणीवर लिहिलं, बांबूवर लिहिलं, धानाच्या भावावर लिहिलं. तेवढं अवघड काही नव्हतं. गाणी सुंदर होती आणि शेवट चोरलेला होता, हे एका पानात कसं मांडायचं? मी आबाजीनं सांगितलेला शेवट लिहिला. बाया पाण्यात उतरतात, तिथपर्यंत. चिठ्ठी माझी आहे आणि तिच्यातली शेवटची दोन वाक्यं मी मागे घेते, असंही लिहिलं. खाली माझं नाव टाकलं.

पुढच्या बाजाराला मी सिंदेवाहीत उभी राहून ती छापलेली पत्रकं वाटली. लिलावाला अजून वेळ होता, तोवर लोक बोलू लागतील अशी माझी कल्पना होती. लोक घेत होते. नाटकांचे दिवस होते, छापलेला कागद दिसला की हात आपोआप पुढे यायचा. बरेच जण उभ्या उभ्या वर-खाली पाहत, कंपनीचं नाव नाही, नटीचा फोटो नाही हे लक्षात आलं की कागद परत करत. काहींनी त्यात सुकी मासोळी बांधून नेली.

एका म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं मला वाचून दाखवायला सांगितलं. मी पूर्ण वाचलं, पहिल्या ओळीपासून नावापर्यंत. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये एकदा तिनं डोळेही पुसले. एक तरी माणूस मिळालं, असं मला वाटलं.

"हे नाटक आता कुठी हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की आता होतं ते हे नाही, त्यांनी शेवट बदलला आहे.

"ते असू दे. कुठी हाय?"

मला माहीत होतं. दोन दिवसांनी, तीन कोसांवरच्या गावात. मी गावाचं नाव सांगितलं.

"गानी चांगली हायेत का वो?"

मी हो म्हणाले.